प्यायची वाइन, ठेवायची वाइन

१८५५ च्या एप्रिलमध्ये बोर्दो शहरातल्या वाइन-दलालांनी एक यादी करून दिली. तिसऱ्या नेपोलियनने पॅरिसात जागतिक प्रदर्शन भरवलं होतं, आणि तिथे मांडायच्या वाइनची प्रतवारी पाहिजे होती. त्यासाठी दलालांनी चाखण्याचा घाट घातला नाही, आपल्या चोपड्या उघडल्या. कुठल्या मळ्याचा माल वर्षानुवर्षं काय भावाने उठतो ते त्यांत लिहिलेलं होतंच. त्या भावावरून पाच वर्ग पडले. पहिल्या वर्गात चारच नावं आली : लाफित, लातुर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ. हिशेब ‘तोनो’वर व्हायचा. तोनो म्हणजे ९०० लिटर, २२५ लिटरची चार पिंपं. पहिल्या वर्गाचा तोनो ३००० फ्रँकला, पाचव्या वर्गाचा १४०० ते १६०० फ्रँकला.

म्हणजे यादीतल्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या नावात दुपटीचा फरक. आज त्याच पाचव्या वर्गातली साधी नावं तीस-चाळीस युरोला बाटली मिळतात आणि लाफितला चारशे-पाचशे युरो मोजावे लागतात. वर्ष नावाजलेलं असेल तर पुष्कळ जास्त. दुपटीचं अंतर दहा-पंधरा पटींवर गेलं. मधल्या काळात पाचव्या वर्गाची वाइन काही बिघडली नाही. तळघरातली स्वच्छता, तापमानावरचा ताबा, फळाची निवड या सगळ्यांत सुधारणा झाली आणि ती पूर्वीपेक्षा चांगलीच बनते. मग वरच्या मोजक्या नावांचे भाव कशाने चढले, केव्हा चढले आणि कुणाच्या पैशाने चढले? माझं मत आधीच सांगून टाकतो. हे भाव चवीमागे गेले नाहीत, खिशामागे गेले. दर वेळी एक नवा खिसा बाजारात आला, भावाने उडी घेतली, आणि आधीपासून ती वाइन पिणारा माणूस एक पायरी खाली ढकलला गेला.

महाग ती पहिल्यापासून होती. लंडनच्या सॅम्युअल पेप्सने १६६३ मध्ये आपल्या रोजनिशीत ओ-ब्रियाँ प्यायल्याची नोंद केली आहे. वाइन मळ्याच्या नावाने ओळखली जाऊ लागल्याच्या जुन्यातल्या जुन्या खुणांपैकी ही एक. थॉमस जेफरसन पॅरिसला अमेरिकेचा राजदूत असताना १७८७ मध्ये बोर्दोला जाऊन आला. त्याने टिपून ठेवलेली पहिल्या दर्जाची चार नावं पुढे दलालांनी काढलेल्या नावांशी तंतोतंत जुळतात. पण १८५५ च्या आसपासच संकटांची रांग लागली. आधी वेलींवर भुरी आली, मागोमाग फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड आली आणि मळेच्या मळे वाळले. अमेरिकन खुंटावर कलमं बांधून फ्रान्सने द्राक्ष वाचवलं. नाशिक-सांगलीचा बागाईतदार मोरचूद आणि चुन्याचं जे बोर्डो मिश्रण फवारतो तेही याच धामधुमीतलं; केवड्यावरचा उपाय म्हणून १८८० च्या दशकात बोर्दोत ते निघालं आणि शहराचं नाव आपल्या शिवारापर्यंत घेऊन आलं. पुढे पहिलं महायुद्ध, रशियातली क्रांती, अमेरिकेतली दारूबंदी, मंदी. गिऱ्हाईकच उरलं नाही. १९३५ मध्ये पहिल्या वर्गातला ओ-ब्रियाँचा मळा क्लॅरन्स डिलन या अमेरिकन बँकरने विकत घेतला. एरवी असा मळा बाजारात येत नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतरही पंधरा-वीस वर्षं हा धंदा सुस्तच होता. १९५६ च्या फेब्रुवारीत पडलेल्या कडाक्याच्या थंडीने हजारो वेली मेल्या आणि मालक हवालदिल झाले. या काळातला एक माणूस मला महत्त्वाचा वाटतो : एडमंड पेनिंग-रोसेल. ‘फायनान्शियल टाइम्स’मध्ये १९६४ पासून वाइनवर लिहिणारा, विचाराने पक्का डावा, बोर्दोच्या भावांचा बारकाईने हिशेब ठेवणारा पत्रकार. त्याच्या घरच्या तळघरात पहिल्या वर्गाच्या वाइन असत, आणि त्या तो मित्रांना बोलावून उघडत असे. लेखणीवर घर चालवणारा माणूस लाफित आणि लातुर पेटीने घेऊ शकत होता, दहा-वीस वर्षं मुरवू शकत होता आणि पिऊ शकत होता. मध्यमवर्गीय इंग्रजाच्या घरी सणावाराला पहिल्या वर्गाची बाटली उघडणं ही चैन होती, पण आवाक्यातली. पुढे जे झालं ते मोजायचं तर आकडे बाजूला ठेवून हे घर आठवावं.

बदलाची पहिली चाहूल लिलावघरात लागली. १९६६ मध्ये क्रिस्टीजने मायकल ब्रॉडबेंटला घेऊन वाइनचा स्वतंत्र विभाग पुन्हा उभा केला, १९७० मध्ये सदबीजही उतरली. तोवर तळघरातली जुनी वाइन प्यायची, नाहीतर वारसांनी वाटून घ्यायची. आता तिला भर सभेत बोली लागू लागली, ती छापून येऊ लागली. ज्या वस्तूचा दुसऱ्या हाताचा भाव रोज कळतो, ती वस्तू ठेव म्हणून पाहायची सवय माणसाला लागते. आपल्याकडे सोन्याचं हेच झालेलं आहे, वाइनचं नव्याने झालं.

सवय लागली आणि लगेच पहिली ठेच बसली. १९७० आणि १९७१ ची पिकं चांगली आली, डॉलर घसरत होता, महागाई वाढत होती, लोकांना पैसा कुठेतरी गुंतवायचा होता. त्या भरात १९७२ चं पीक आलं : न पिकलेलं, पातळ, आंबट. तरी मालकांनी आदल्या वर्षांहून चढा भाव सांगितला आणि व्यापाऱ्यांनी तो दिला, कारण नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी वाटा मिळणार नाही ही धास्ती. १९७३ च्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्सची स्वस्त वाइन बोर्दो म्हणून विकल्याचा घोटाळा बाहेर आला आणि एका जुन्या, मानाच्या पेढीवर खटला उभा राहिला. शरदात तेलाचा भडका उडाला. बाजार बसला. लंडनच्या व्यापाऱ्यांनी गोदामं रिकामी करायला माल लिलावात ओतला, आणि ज्यांनी त्या दोन वर्षांत बोली लावल्या त्यांना आयुष्यभर पुरेल इतकी उत्तम वाइन मातीमोलाने मिळाली. मार्गोचे मालकही या पडझडीतून सावरले नाहीत. १९७७ मध्ये तो मळा आंद्रे मेंत्झेलोपुलोस या किराणा दुकानांची साखळी चालवणाऱ्या उद्योजकाकडे गेला. चढ्या भावाने कुणाचा फायदा होतो असा प्रश्न पडला की मला मार्गोचे ते मालक आठवतात. तेजीत मालकही बुडतो.

इथे या बाजाराची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. कोकणात आंब्याची बाग मोहोरावर द्यायची पद्धत आहे. झाडाला मोहोर दिसला की व्यापारी बाग बघून जातो, रक्कम ठरते, आणि फळ हाती यायच्या आधीच पैसे बागवाल्याकडे पोचतात. पाऊस आला, थ्रिप्स आली, तर सोसायचं व्यापाऱ्याने. बोर्दोची ‘आँ प्रिमर’ पद्धत याच जातीची. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडलेल्या द्राक्षाची वाइन पुढच्या एप्रिलमध्ये अजून पिंपातच असते, कच्ची, तुरट, दात आंबवणारी. तेव्हा जगभरचे व्यापारी आणि समीक्षक येऊन ती चाखतात. मे-जूनमध्ये मालक भाव काढतो, मधला दलाल त्याचे दोन टक्के घेतो, बोर्दोची पेढी माल उचलते, ती लंडन किंवा न्यूयॉर्कच्या दुकानदाराला देते, आणि शेवटचा गिऱ्हाईक पूर्ण पैसे भरून दीड-दोन वर्षं बाटलीची वाट पाहतो. या सौद्याला अर्थ एकाच गोष्टीने येतो : आज घेतलं तर उद्यापेक्षा स्वस्त पडलं पाहिजे. तो कच्चा दुवा होता, आणि पुढे तोच तुटला.

या पद्धतीला सोन्याचे दिवस आणले ते १९८२ च्या पिकाने. मेरीलँडमधला रॉबर्ट पार्कर हा तरुण वकील १९७८ पासून वाइनवर स्वतःचं एक पत्रक काढत होता आणि शाळेच्या पेपरासारखे शंभरपैकी गुण देत होता. १९८३ च्या वसंतात पिंपातली १९८२ चाखून त्याने ठाम लिहिलं की हे वर्ष विलक्षण आहे, उचला. अनेक जुन्या जाणकारांना ती वाइन फार पिकलेली, फार गोडसर वाटली होती. पार्करचं खरं ठरलं. डॉलर तेव्हा जोरात होता आणि अमेरिकेतला डॉक्टर, वकील, दलाल बोर्दोच्या दारात पहिल्यांदाच मोठ्या संख्येने उभा राहिला. पहिल्या वर्गाची बारा बाटल्यांची पेटी त्या वेळी लंडनमध्ये तीनशे पौंडांच्या आसपास मिळत होती. २०११ च्या सुरुवातीला १९८२ च्या लाफितची तीच पेटी तीस हजार पौंडांच्या वर गेलेली होती. अठ्ठावीस वर्षांत शंभर पट. या एका उदाहरणावर पुढची पिढी वाढली. प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी ते होतं, आणि प्रत्येक नव्या पिकाला तोच न्याय लागेल असं गृहीत धरलं जाऊ लागलं.

पार्करच्या गुणांनी आणखी एक गोष्ट केली. वाइन समजायला पूर्वी वर्षं लागत. मळा माहीत हवा, हवामान माहीत हवं, चार जुन्या बाटल्या प्यायलेल्या हव्या. आता ९८ म्हणजे ९८. न चाखताही विकत घेता येतं. मी गुणांना दोष देत नाही. त्यांनी कित्येक अनोळखी, कष्टाळू उत्पादकांना उजेडात आणलं, जुन्या नावांच्या आळशीपणाला चाप लावला. पण वस्तूला आकडा चिकटला की ती न पाहता, न चाखता हजारो मैलांवरून घेता येते, आणि न चाखता घेणाऱ्यांचा काळ त्यानंतरच आला.

५ डिसेंबर १९८५ रोजी लंडनच्या क्रिस्टीजमध्ये १७८७ ची लाफितची एक बाटली निघाली. काचेवर ‘टीएच. जे.’ अशी अक्षरं कोरलेली. जेफरसनच्या संग्रहातली म्हणून हार्डी रोडेनस्टॉक या जर्मन संग्राहकाने ती आणली होती. फोर्ब्ज कुटुंबाने ती १ लाख ५ हजार पौंडांना घेतली. अशाच काही बाटल्या अमेरिकन उद्योगपती बिल कोख यांनी घेतल्या आणि पुढे शंका आल्यावर तपास लावला. ती अक्षरं यंत्रावर चालणाऱ्या हत्याराने कोरल्याचं त्यांच्या तज्ज्ञांचं म्हणणं पडलं, आणि जेफरसनच्या कागदपत्रांतही त्या बाटल्यांचा आधार सापडला नाही. पण खरी-खोटी ठरायच्या आधी वीस वर्षं त्या बाटलीने एक गोष्ट जगाला शिकवली होती : वाइनला घराएवढी किंमत येऊ शकते.

मग पूर्वेकडचा खिसा आला. जपानी लोक १९८० च्या दशकातच आले होते, पण खरी उसळी हाँगकाँगची. फेब्रुवारी २००८ मध्ये हाँगकाँगने वाइनवरचं शुल्क पूर्णपणे काढून टाकलं. वर्षभर आधी ते ८० टक्के होतं, मग ४०, आणि आता शून्य. लिलावघरं तिथे धावली. आपल्याकडे याच काळात परदेशी बाटलीवर १५० टक्के आयात शुल्क होतं, वर राज्याचं वेगळं. मुंबईत असा बाजार उभा राहण्याचा प्रश्नच नव्हता. चीनच्या नवश्रीमंतांना भेट द्यायला एक नाव हवं होतं, त्यांनी लाफित निवडलं. नाव चिनी जिभेवर सहज बसतं, आणि साहेबाला, अधिकाऱ्याला, सासऱ्याला दिलेल्या बाटलीची किंमत समोरच्याला न सांगता कळते. २००८ च्या लाफितच्या बाटलीवर शुभ मानला जाणारा चिनी आठचा आकडा उमटवल्याचं २०१० च्या ऑक्टोबरात जाहीर झालं आणि भाव लगेच चढला. त्याच महिन्यात हाँगकाँगच्या सदबीजमध्ये १८६९ च्या लाफितच्या तीन बाटल्या प्रत्येकी १८ लाख हाँगकाँग डॉलरला गेल्या.

बोर्दोच्या मालकांनी हे पाहिलं. २००८ चं पीक त्यांनी मंदीमुळे ११० ते १३० युरो बाटली अशा भावाने दिलं होतं. २०१० च्या पिकाला पहिल्या वर्गाचा भाव ६०० युरोंवर गेला. दोन वर्षांत जवळपास पाच पट. ही वाढ पिकाची म्हणावी तर पिंपाचा हिशेब करून पाहावा. नव्या ओकच्या पिंपाला अगदी हजार युरो धरले तरी त्यात तीनशे बाटल्या भरतात; बाटलीमागे पिंपाचा खर्च तीन-साडेतीन युरो. मजुरी, छाटणी, गळती, काच, बूच धरा. वरच्या मळ्यांचा खर्च इतरांपेक्षा खूप जास्त असतो हे मान्य, तरी सहाशेचा आणि त्याचा संबंध लागत नाही. आणि लाफित दुर्मिळही नाही. तिथे शंभराहून जास्त हेक्टरवर वेली आहेत आणि मुख्य वाइनच्या दर वर्षी दोन लाखांच्या घरात बाटल्या निघतात.

२०११ च्या मध्यावर घसरण सुरू झाली. लंडनच्या लिव्ह-एक्स या वाइनच्या बाजारपेठेचा शंभर वाइनचा निर्देशांक २००४ च्या जानेवारीत १०० धरला आहे. २०११ च्या जूनमध्ये तो ३६० च्या वर होता. पुढच्या तीन वर्षांत त्याचा सुमारे तिसरा हिस्सा गेला. २०१२ च्या अखेरीपासून चीनमध्ये भ्रष्टाचारविरोधी मोहीम सुरू झाली आणि भेटीच्या बाटल्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये लातुरने जाहीर केलं की आपण आँ प्रिमरमधून बाहेर पडतो, वाइन पिण्याजोगी झाली की मगच विकू. ज्यांनी २००९ आणि २०१० ची पहिल्या वर्गाची वाइन पहिल्या दिवशी पूर्ण पैसे भरून घेतली, त्यांची पेटी इतक्या वर्षांनंतरही खरेदीच्या भावाखाली आहे. उत्तम वर्षं, उत्तम गुण, सगळं खरं. फक्त वाढ सगळी मालकाने आधीच काढून घेतली होती, घेणाऱ्याला काही उरलं नव्हतं. मोहोरावर बाग घेणाऱ्याला पिकल्या आंब्याचा भाव लावला तर तो दुसऱ्या वर्षी येत नाही. बोर्दोतही तसंच झालं, पेढ्या आणि गिऱ्हाईक दोघंही मागे सरले.

पैसा मात्र बाजारातून गेला नाही, फ्रान्सच्याच बर्गंडी प्रांताकडे वळला. तिथली गोष्ट निराळी आहे. बोर्दोत एकेका मालकाकडे शंभर हेक्टर. बर्गंडीत फ्रेंच क्रांतीनंतर जमिनी वाटल्या गेल्या, पुढे पहिल्या नेपोलियनच्या वारसा कायद्याने त्यांचे तुकडे पडत गेले, आणि एकेका कुटुंबाकडे चार ओळी, सहा ओळी अशी वहिवाट आहे. आपल्याकडच्या भावकीच्या वाटण्या ज्याने पाहिल्यात त्याला हे समजायला वेळ लागणार नाही. रोमाने-काँती हा सगळा मळा १.८ हेक्टरचा, साडेचार एकर. वर्षाला पाच-सहा हजार बाटल्या. १३ ऑक्टोबर २०१८ ला न्यूयॉर्कच्या सदबीजमध्ये या मळ्याची १९४५ ची एक बाटली ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली. लिलावातल्या वाइनच्या एका बाटलीचा तो त्या वेळचा विक्रम. त्या वर्षी फक्त ६०० बाटल्या निघाल्या होत्या. फिलॉक्सेराच्या काळापासून कलम न करता जगवलेल्या त्या जुन्या वेली थकल्या होत्या. १९४५ च्या पिकानंतर त्या उपटल्या, आणि १९५२ पर्यंत मळ्याने वाइन दिली नाही. ही दुर्मिळता खरी आहे. इथे भाव चढला तर मला ते समजतं. पण बर्गंडीची लाट चढली तेव्हा तिने शेजारच्या साध्या गावांच्या वाइनही उचलल्या. ज्या उत्पादकाची बाटली दहा वर्षांपूर्वी पॅरिसच्या साध्या खानावळीत मिळायची, ती आता वाटपाच्या यादीत नाव असल्याशिवाय मिळत नाही. स्थानिक माणसाची तर जमीन घ्यायचीही ऐपत राहिली नाही. २०१४ मध्ये क्लो दे लाँब्रे हा मळा एका चैनीच्या वस्तूंच्या समूहाने घेतला, २०१७ मध्ये क्लो द तार्त लातुरच्या मालकाने घेतला.

एवढा पैसा एका बाटलीत असला की खोटी बाटलीही येते. जाणकार माणूस जुनी बाटली हातात घेतो तेव्हा आधी लेबल पाहत नाही, उजेडात धरून पातळी पाहतो. बुचातून वर्षानुवर्षं थेंबाथेंबाने वाइन उडते. चाळीस वर्षांच्या बाटलीत ती मानेच्या तळाशी आली तर ठीक. खांद्याच्या निम्म्यावर उतरली तर आत हवा शिरल्याची भीती. आणि ऐंशी वर्षांची बाटली गळ्यापर्यंत भरलेली असली आणि बूच बदलल्याची नोंद नसली, तर तिथेच थांबायचं. मग टोपणाची धातूची पट्टी, मग तळाशी बसलेला गाळ, मग लेबलचा कागद निळ्या दिव्याखाली. महायुद्धानंतरच्या कागदात उजळपणासाठी रसायन घालू लागले, ते दिव्याखाली चमकतं. १९२० च्या लेबलाने चमकायचं कारण नाही. रुडी कुर्निआवान या कॅलिफोर्नियातल्या तरुणाने या सगळ्यातून वाट काढली. २००६ मध्ये त्याच्या संग्रहाच्या एका लिलावाने २ कोटी ४७ लाख डॉलर आणले. पकडला गेला तो बर्गंडीच्या एका शेतकऱ्यामुळे. २००८ मध्ये लोराँ पोंसोने न्यूयॉर्कच्या लिलावाच्या यादीत आपल्याच घराण्याच्या क्लो सँ-दनीच्या १९४५ पासूनच्या बाटल्या पाहिल्या. त्या मळ्यातली वाइन त्याच्या घराण्याने १९८० च्या दशकात करायला घेतली होती. तो विमानाने लिलावाला येऊन बसला आणि बाटल्या मागे घ्यायला लावल्या. २०१२ मध्ये अमेरिकन पोलिसांना कुर्निआवानच्या घरात हजारो छापील लेबलं, बुचं, शिक्के आणि मोरीत भिजत घातलेल्या बाटल्या सापडल्या. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या खोट्या बाटल्या उघडून प्यायलेल्या कित्येकांना काही संशय आला नव्हता, आणि कित्येक बाटल्या तर उघडल्याच गेल्या नाहीत.

खरोखर वाइनने किती दिलं? याचा सर्वांत भरवशाचा हिशेब डिमसन, रुसो आणि स्पेनजर्स या अर्थशास्त्रज्ञांचा आहे. त्यांनी लिलावांचे आणि लंडनच्या दुकानांचे जुने दर तपासून पहिल्या वर्गाच्या पाच नावांचे १९०० ते २०१२ चे भाव जुळवले. पाचवं नाव मुताँ रोथशिल्ड, १९७३ मध्ये वर चढवलेलं. १८५५ च्या यादीत झालेला हा एकुलता एक मोठा बदल. महागाई वजा जाता वाढ वर्षाला ५.३ टक्के, आणि साठवण-विमा धरला तर ४.१ टक्के. सरकारी रोखे, चित्रं, टपाल तिकिटं यांच्यापेक्षा बरी, शेअर्सपेक्षा कमी. शंभर पटींच्या कहाण्या सांगणारे हा आकडा सांगत नाहीत. त्या अभ्यासातलं मला भावलेलं निरीक्षण दुसरंच आहे. सुमार वर्षाच्या वाइनचा भाव सुरुवातीची वर्षं फारसा हलत नाही, पण पुढे वयाबरोबर चढत जातो. तोवर ती पिण्यालायक राहिलेली नसते. चढलेला भाव काचेचा आणि लेबलाचा.

गेल्या काही वर्षांची गोष्ट थोडक्यात. स्वस्त कर्ज आणि कोविडच्या साथीच्या काळात साचलेला पैसा यांनी २०२२ च्या शरदात निर्देशांक २०११ च्या शिखराच्याही वर नेला. व्याजदर चढले, पैसा बँकेत परत गेला, आणि तीन वर्षांत निर्देशांकाचा जवळपास पाव हिस्सा गेला. लाफितने २०२३ चं पीक आदल्या वर्षापेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी उतरवलं, २०२४ चं आणखी उतरवून २८८ युरोंवर आणलं. तरीही माल जोरात उठला नाही.

याचं कारण केवळ व्याजदर नसावं. वाइनची किंमत चढते त्यामागचा जुना युक्तिवाद असा : बनवल्या त्यापेक्षा जास्त बाटल्या कधीच होणार नाहीत, आणि दर रविवारी कुणीतरी एक उघडणार, म्हणून उरलेल्या महाग होत जाणार. हे तर्कशुद्ध आहे, पण त्यात पिणारा माणूस हवा. इंग्लंडच्या विल्टशरमध्ये कॉरशॅम गावाखाली एक जुनी दगडाची खाण आहे. जमिनीखाली खोल, बाराही महिने थंड, अंधारी. तिथे वाइनच्या लाकडी पेट्या थरांवर थर लावून ठेवलेल्या आहेत. मालक बदलतो तेव्हा पेटी जागची हलत नाही, नोंदवहीतलं नाव बदलतं. हलवली तर भाव पडतो, कारण न उघडलेल्या, न फिरलेल्या पेटीलाच पूर्ण किंमत. पिण्यासाठी घेतलेली पेटी कधीतरी संपते. ठेवण्यासाठी घेतलेली तशीच राहते आणि भाव पडायला लागला की सगळ्यांच्या पेट्या एकदम बाजारात येतात. २००९ आणि २०१० चा भाव अजून जोर धरत नाही तो यामुळे, असं मला वाटतं. त्या बाटल्या प्यायल्याच गेल्या नाहीत.

आणि पिणारा माणूस गेला कुठे? फ्रेंच माणूस १९६० च्या सुमारास वर्षाला शंभर लिटरच्या वर वाइन प्यायचा, आता चाळीसच्या आसपास. त्याच्या रोजच्या जेवणातली बाटली गेली, आणि सणाची बाटली त्याच्या आवाक्यातून गेली. पहिल्या वर्गाच्या मळ्यांपासून तासा-दीड तासावर साध्या बोर्दोचे मळे आहेत. तिथला शेतकरी लाल वाइनचा तोनो हजार युरोंच्याही खाली देतो आहे. तोच ९०० लिटरचा तोनो, १८५५ च्या यादीतला. त्यात १२०० बाटल्या भरतात. लाफितच्या २०२४ च्या भावाने त्या १२०० बाटल्यांचे साडेतीन लाख युरो होतात. शेतकऱ्याच्या तोनोत खर्चही निघत नाही, म्हणून २०२३ पासून वेली उपटण्याची सरकारी योजना आली. यंत्राने मुळासकट ओढून काढलेल्या वेलींचे ढीग बांधावर लावून पेटवतात. २०२३ च्या योजनेत हेक्टरी ६००० युरो मिळत होते. चांगल्या वर्षाच्या लाफितच्या एका पेटीला साधारण तेवढेच पडतात.